लाकूड घ्यावे पारखून

मागच्या वर्षी मे महिन्यात भिलाईहून मामीचा फोन आला. लोणच्यासाठी कैऱ्या चिरायला ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. स्टुलाचा एक पाय बाहेरच्या बाजूला सरकला, मामीने ओट्याची कड धरली म्हणून थोडक्यात निभावले. कैऱ्या घरभर झाल्या आणि पाऊल मुरगळले. "तुझ्या मामांना काही बोलू नकोस," ती हळूच म्हणाली, "स्टूल त्यांनीच केलेलं आहे."

मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. रोज सकाळी मैत्रीबागेपर्यंत चालायचे आणि सुतारकाम शिकायचे. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि हातोडी अशी हत्यारे आणली. मामीचे गुडघे दुखू लागल्यामुळे तिला जमिनीवर बसून भाजी चिरणे जमत नव्हते. तेव्हा पहिली वस्तू म्हणून स्टूल. ते ऑक्टोबरात झाले, दिवाळीला पाहुण्यांना दाखवून झाले आणि मेमध्ये खिळखिळे झाले. त्यानंतर मामांनी हत्यारे पुसून, तेल लावून ट्रंकेत ठेवली ती ठेवलीच. चौतीस वर्षे लोखंडाशी झुंजलेल्या माणसाला चार लाकडी पायांनी हरवले, याचे त्यांना मामीच्या पायापेक्षा जास्त लागले होते की काय, कोण जाणे.

डिसेंबरात मी आठ दिवस भिलाईला गेले, तेव्हा ते मोडके स्टूल गच्चीवर पडलेले होते. मी उचलून पाहिले. खाचा नीट खणलेल्या होत्या, सांधे काटकोनात होते. सुतारकामात दोष म्हणावा असा फारसा नव्हताच. आडव्या पट्ट्यांची टोके मात्र खाचांत चक्क हलत होती, जणू कोणी ती नंतर तासून बारीक केली असावीत.

"लाकूड ओलं होतं," मामा म्हणाले. "तेव्हा मला कुठं कळत होतं? टालवाला म्हणाला 'सूखा माल है', मी म्हटलं असेल."

आमच्या वाचकांपैकीही पुष्कळजण हौसेने पहिली फळी, पहिला पाट, पहिले स्टूल करायला घेतात. हात बसलेला नसतो म्हणून काम बिघडले, असे त्यांना वाटते. खरे तर निम्मे काम वखारीतच बिघडलेले असते. म्हणून या वेळी हत्यारांविषयी काही न सांगता, मामांबरोबर लाकूड विकत घ्यायला गेले त्या दोन दिवसांविषयीच लिहिते.

सरई म्हणजे साल, खम्हार म्हणजे शिवण

भिलाईतल्या मराठी माणसाची पहिली अडचण नावांची. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे या भागात मराठी घरे जुनी आहेत आणि कारखान्यामुळे नंतर आणखी आली. पण टालीवर गेले की बोली बदलते. वखारीला इथे टाल म्हणतात. आपला साग तो इथे सागौन. आपला ऐन इथे साजा. बिवळा तो बीजा, हेदू तो हल्दू. साल वृक्षाला सगळे सरई म्हणतात आणि आपल्या शिवणीला खम्हार. मामा पहिल्या खेपेला 'मजबूत लाकूड द्या' एवढेच म्हणाले होते, तेव्हा त्यांच्या पदरात सरई पडली.

सरई मजबूत नाही असे कोण म्हणेल? छत्तीसगडचा तो राज्यवृक्षच आहे. दारांच्या चौकटी, घराच्या तुळया, रेल्वेचे स्लीपर यांसाठी पिढ्यान् पिढ्या हेच लाकूड वापरले गेले. भिलाईत तयार झालेले रूळ एके काळी सालाच्या स्लीपरांवरच अंथरले जात, सिमेंटचे स्लीपर नंतर आले. पण एक घनफूट वाळलेली सरई साधारण चोवीस किलो भरते. सागवान अठरा-एकोणीस किलो. वाळलेल्या सरईत खिळा ठोकायला जावे तर खिळा वाकतो, नाहीतर लाकूड चिरते. पटाशी दर दहा मिनिटांनी घासावी लागते. ती सावकाश वाळते आणि वाळताना बरीच आक्रसते. चौकटीला ते चालून जाते, कारण चौकट भिंतीत चिणलेली असते. नवशिक्याच्या स्टुलाला नाही चालत.

मग साग घ्यावा का? साग उत्तमच. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नामांकित आहे, बल्लारपूरच्या वनखात्याच्या आगारात त्याचे लिलाव होतात. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही, जे २०२३ साली खुले झाले, नागपूरहून साग गेला. साग कमी आक्रसतो, अंगचे तेल असल्यामुळे वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि रंध्याखाली तो लोण्यासारखा नसला तरी समजूतदार असतो. अडचण एकच, किंमत. पहिल्या कामात थोडे लाकूड वाया जाणारच. सागाची फळी चुकीची कापली गेली की माणूस दुसऱ्या दिवशी करवत हातात घ्यायला घाबरतो. माझे मत असे की, सागवान तिसऱ्या-चौथ्या वस्तूसाठी राखून ठेवावे.

आंब्याचे लाकूड स्वस्त असते, पण त्याला कीड लवकर लागते. निलगिरी सरळसोट दिसते आणि वाळताना पीळ घेते, फाटते. बाभूळ चिवट, हत्यारांच्या दांड्यांना छान, पण नवशिक्याची परीक्षा पाहणारी. हल्दू पिवळसर, बारीक पोताचे, सुबक कामाला गोड लाकूड, मिळाले तर जरूर घ्यावे. बीजा मजबूत आणि देखणा, पण ओला हात लागला तर रंग सोडतो. बिवळ्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी निळसर झाक मारते ते यामुळेच. खोक्यांचे पाइनचे लाकूड आता सगळीकडे मिळते. ते हलके आणि कापायला सोपे असते. सराव करायला ठीक, मात्र गाठी पाहून घ्यावे.

राहिली शिवण, म्हणजे खम्हार. फिकट पिवळसर रंग, घनफुटाला जेमतेम चौदा किलो वजन, पटाशीला सहज वाट देणारी आणि एकदा वाळली की फारशी हालचाल न करणारी. बस्तरचे कारागीर कोरीवकामाला सागाबरोबर शिवणही वापरतात ती उगाच नव्हे. सावंतवाडीच्या खेळणीवाल्यांनी मऊ, हलका पांगारा निवडला, तसेच हे. काम काय आहे आणि हात कसा आहे, त्यावर लाकूड ठरते. आम्ही खम्हार घ्यायचे ठरवले.

आधी कागदावर

टालीवर जाण्याआधी मामांना मी हिशेब करायला बसवले. लाकूड घनफुटावर विकले जाते. चिरलेल्या लाकडाचा हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे.

दीड फूट उंचीच्या स्टुलाला दोन बाय दोन इंचांचे चार पाय लागतात. २ × २ × १.५ भागिले १४४, असे चार. झाले ०.१७ घनफूट. आडव्या पट्ट्या आठ, प्रत्येकी एक फूट लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड. त्यांचे ०.११. वरची बैठक पाच इंच रुंद, एक इंच जाड आणि सव्वा फूट लांब अशा तीन फळ्यांची. तिचे ०.१३. एकूण ०.४१ घनफूट. त्यात तुकडे, भेगा आणि चुका यांसाठी पाचवा हिस्सा वाढवला की अर्धा घनफूट. मामी ऐकत होती. "एवढंसंच? मागच्या वेळी तर रिक्षाभर आणलं होतं," ती म्हणाली. मामांनी चष्मा पुसायला घेतला.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन इंची म्हणून घेतलेले लाकूड रंधा मारून झाल्यावर दोन इंच राहत नाही. चारी अंगांनी साफ केले की पावणेदोनवर येते, म्हणजे दोन सूत गेले. (आठ सुतांचा एक इंच, हे नव्या पिढीसाठी.) तेव्हा पक्के माप किती हवे ते ठरवून त्यावर दोन सूत चढवून मागावे. दुसरे असे, काही ठिकाणी माल मुळात पावणेदोन इंची असतो आणि पैसे दोन इंचांचे लावतात. टेप स्वतःचा न्यावा आणि दर ठरण्याआधी माप घ्यावे. चिराईची मजुरी वेगळी आहे की दरातच, तेही तेव्हाच विचारावे.

अख्खा ओंडका घेऊन चिरून घेण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा. गोल लाकडाचे माप वेगळ्या रीतीने घेतात. मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा करून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. हे माप खऱ्या घनफळापेक्षा पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिकच कमी भरते, कारण चौकोनी केल्यावर कडेचे जे वाया जाते त्याची सूट त्यात धरलेली असते. हे ठाऊक नसले की गोल मालाचा दर आणि चिरलेल्या मालाचा दर यांची तुलना करताना माणूस हमखास फसतो. सरकारी काष्ठागारात तर माप घनमीटरमध्ये असते, एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

टालीवर

आम्ही सकाळी दहाला गेलो. संध्याकाळी जाऊ नये. पिवळ्या दिव्याखाली सगळे लाकूड सागवान दिसते.

मालकाने समोरचा ढीग दाखवला. मामा लगेच पैशांचे विचारू लागले, त्यांना मी बाजूला घेतले. लाकूड पाहायला उन्हात आणावे लागते. पहिल्यांदा टोके पाहायची. टोकाला वर्तुळे दिसतात. झाडाचा अगदी मधला बिंदू ज्या तुकड्यात आला आहे तो घेऊ नये, तो पुढेमागे तडकतोच. वर्तुळांच्या रेघा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर ती फळी शांत राहते. रेघा आडव्या, हसऱ्या तोंडासारख्या वाकलेल्या असतील तर ती फळी वाळताना पन्हाळीसारखी होते. बैठकीच्या तिन्ही फळ्या आम्ही उभ्या रेघांच्या निवडल्या. त्यासाठी निम्मा ढीग उलथावा लागला आणि मालकाच्या कपाळावर आठ्या आल्या. येऊ द्याव्यात.

मग तुकडा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून एका टोकाकडून दुसरीकडे पाहायचे. बाक लगेच कळतो. थोडा बाक छोट्या तुकड्यांत निघून जातो, पीळ मात्र निघत नाही. पीळ असलेला तुकडा सपाट जमिनीवर ठेवला की कोपऱ्यावर डुगडुगतो. असा तुकडा स्वस्तात मिळाला तरी परत ठेवावा.

गाठींचे म्हणाल तर, घट्ट बसलेली छोटी गाठ बैठकीत शोभून दिसते. सुटी, काळ्या कडेची गाठ पायात किंवा पट्टीत नको. लाकूड तिथेच मोडते. बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारे पिठासारखे भुसकट दिसले, तर तो तुकडाच नव्हे, तो ढीगच सोडावा. भुंगा घरी आला की खिडक्यांपर्यंत पोचतो. सागवान घेणार असाल तर कडेचा पांढरट भाग किती आहे ते पाहा. साग टिकतो तो त्याच्या सोनेरी-तपकिरी गाभ्यामुळे, पांढऱ्या भागाला कीड आणि वाळवी दोन्ही लागतात. रंग फासून तो भाग लपवलेला असू शकतो, म्हणून एका कोपऱ्यावर पटाशीने बारीकशी ढलपी काढून पाहावी. ताज्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागते.

आणि आता मुख्य मुद्दा, ओले की वाळलेले. मालक म्हणाला, "एकदम सूखा है, साल भर का।" त्याच्याकडे आरा चालवणारा एक म्हातारा छत्तीसगडी कामगार होता. त्याने आमच्या हातातला एक पाय घेतला, बोटाच्या पेराने ठोकला, गालाला लावला आणि मालकाची पाठ वळल्यावर पुटपुटला, "येह तो कच्चा हे, बाबूजी." वाळलेले लाकूड ठोकल्यावर खणखणीत वाजते, ओले बद्द वाजते. ओले गालाला गार लागते. सारख्या मापाच्या दोन तुकड्यांत जड असेल तो ओला. त्याने ढिगाच्या तळातून दुसरे चार पाय ओढून दिले. ते हातात घेताच फरक कळला.

पावती मागून घेतली. लाकूड चिरण्याच्या गिरण्यांना वनखात्याचा परवाना लागतो आणि पावती देणारा दुकानदार सहसा परवान्याचाच माल विकतो. गावाकडे नातेवाइकाच्या शेतातला साग गाडीत घालून आणण्याचा बेत कोणी सुचवला तर वाहतुकीचा परवाना आधी काढावा, नाहीतर नाक्यावर लाकूड आणि गाडी दोन्ही अडकतात.

ज्यांना थोडी खटपट चालते त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पाडलेल्या घरांचे जुने दरवाजे, चौकटी, पलंगाच्या पाट्या. तीस-चाळीस वर्षे वाळलेले असे लाकूड पैसे देऊनही नवे मिळत नाही. त्यात फक्त खिळे शोधावेत, एक लोहचुंबक फिरवला की सापडतात. जुने रेल्वे स्लीपर मात्र स्वयंपाकघरातल्या वस्तूला नकोत. त्यांच्यात खडे रुतलेले असतात, पुष्कळदा काळे तेल मुरलेले असते आणि करवतीचे दात जातात.

मामीचा तराजू

घरी आल्यावर मामा त्याच संध्याकाळी कामाला लागणार होते. मी त्यांना थांबवले. "किती वाळलं आहे ते मोजू या." मोजायचे म्हटल्यावर कारखान्यातला माणूस नाही म्हणत नाही.

मामीचा केकसाठीचा छोटा डिजिटल तराजू घेतला. जादा आणलेल्या तुकड्यातून चार इंच कापले. वजन १३८ ग्रॅम. मग तो तुकडा मामीच्या भट्टीत शंभर अंशांवर ठेवला आणि दर तासाने तोलला. वजन उतरायचे थांबले तेव्हा १२० ग्रॅम भरला. अठरा ग्रॅम पाणी गेले, १२० वर १८ म्हणजे पंधरा टक्के. घरातल्या सामानाला हे थोडे जास्तच. आठ ते बाराच्या दरम्यान हवे.

आम्ही लाकूड पलंगाखाली न ढकलता मागच्या खोलीत रचले. खाली दोन पट्ट्या, मग लाकडाचा एक थर, पुन्हा पट्ट्या, पुन्हा थर, म्हणजे प्रत्येक फळीच्या वरून-खालून हवा खेळते. कडक उन्हात ठेवायचे नाही, टोके फाटतात. टोकांना जुना ऑइल पेंट फासला. एक तुकडा तोलण्यासाठी राखून ठेवला आणि दर रविवारी त्याचे वजन भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचे ठरले. इंचभर जाडीला एक वर्ष वाळवावे असा जुना ठोकताळा आहे, पण तो ओल्या लाकडाचा. आमचे अर्धेअधिक वाळलेले होते आणि भिलाईची हिवाळ्यातली हवा कोरडी. मी परतल्यानंतर मामांचा दर रविवारी फोन येई. "दोन ग्रॅम उतरलं." "एक ग्रॅम." फेब्रुवारीच्या मध्यावर सलग दोन रविवार काटा हलला नाही, तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली.

बैठकीच्या तीन फळ्या त्यांना एकमेकींना घट्ट चिकटवून खिळे मारायचे होते. लाकूड रुंदीत फुगते आणि आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही, हे मी फोनवर तीनदा समजावले. पंधरा इंच रुंदीत एक टक्का फरक पडला तरी सव्वा सूत होते. त्यांना पटेना. मग मी विचारले, "मामा, पूर्वी दोन रुळांच्या मध्ये फट का ठेवत?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणून."

"रूळ उन्हानं वाढतो, लाकूड पावसानं वाढतं."

"एवढंच ना! मग आधी सांगायचं की," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

स्टूल मार्चमध्ये झाले. फळ्यांमध्ये दोन बारीक फटी आहेत, मामीच्या मते त्यांत पिठाचे कण जातात. मे महिना गेला, भिलाईत पारा चव्वेचाळीसवर होता, कूलर रात्रंदिवस चालू होता. मामी लोणच्याच्या कैऱ्या त्याच स्टुलावर बसून चिरत होती, पण पहिल्या दिवशी मामा दाराशी उभे राहून पाय मोजून पाहत होते, हे तिने मला नंतर सांगितले.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. मामा स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून कारखान्यातल्या दिवसांपासून जपलेल्या पोलादी पात्यांनी फटी मोजत होते. मार्चपेक्षा दोन्ही अरुंद झाल्या होत्या आणि सांधे जिथल्या तिथे होते. मामी हातात कणकेची परात घेऊन मागे उभी होती.

"झालं का मोजून? मला पोळ्या करायच्या आहेत."

मामा उठले. जाता जाता त्यांनी मला हळूच विचारले की हल्दू कुठल्या महिन्यात चांगला मिळतो.